नव्या मोवरचा पट्टा

आमच्या एल्सबर्ग गावच्या कबरस्तानात शिव्या देऊ नयेत असा लेखी नियम कुठेही नाही. पण आजूबाजूला आपलेच आजोबा, दोन मामा, शाळेतल्या बाई आणि एक जुने पाद्री झोपलेले असले की जीभ आपोआप आवरते. माझ्या कोऱ्या करकरीत मोवरचा पट्टा पहिल्यांदा तुटला तेव्हा मी या सगळ्यांच्या मधोमध होतो. त्यामुळे मी फक्त "अरेच्चा" म्हणालो, आणि तेही दबक्या आवाजात.

मोवर म्हणजे बसून चालवायचं, गवत कापायचं यंत्र. छोटा ट्रॅक्टरच म्हणा ना. वर स्टिअरिंग, पोटाखाली पाती, आणि इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत गेलेला एक रबरी पट्टा. पट्टा फिरला तर चाकं फिरतात. पट्टा गेला की आपण नुसते खुर्चीत बसलेले गृहस्थ. दुकानात सांगितलं होतं, चार-पाच उन्हाळे पट्ट्याकडे बघायलासुद्धा नको. मिनेसोटातला उन्हाळा तसा नावालाच असतो हे मान्य, पण माझा पट्टा गेला तेव्हा झाडांच्या सावलीतला बर्फ नुकता कुठे वितळला होता.

हे कबरस्तान माझ्या वाट्याला आलं कसं, ते थोडक्यात सांगतो. थोडक्यात सांगणं हा माझा पिंड नाही असं आर्डिस म्हणते. आर्डिस माझी बायको. तिचं सगळंच खरं धरू नये.

तिथलं गवत ऑरिन स्कालेन कापायचा. कधीपासून, ते कोणाला आठवत नाही. गेल्या हिवाळ्यात तो वारला आणि त्याच गवताखाली गेला. दुःख सगळ्यांनाच झालं. पण चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरची कॉफी आणि हॅमची सँडविचेस सुरू झाली, तसा प्रत्येक पुरुषाच्या डोळ्यांत एकच प्रश्न दिसायला लागला, की आता गवत कोण कापणार? विचारलं मात्र कोणी नाही. हवं ते मागायची आमच्याकडे पद्धतच नाही. समोरच्याने देऊ करायचं, आपण नको म्हणायचं. त्याने पुन्हा म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुम्ही म्हणताच आहात तर" असं पुटपुटत घ्यायचं. मग तो केकचा तुकडा असो, नाहीतर कबरस्तान.

बोरगिल्ड नायगार्ड ही कबरस्तान समितीची अध्यक्ष. बाईने जन्म पोस्टात काढला, आणि चेहरा अजून जेवणाच्या सुट्टीत बंद केलेल्या खिडकीसारखा आहे. ती कप घेऊन माझ्यापाशी आली.

"नॉरिस, गवताचं तू बघशील का?"

मी नको म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर? बाईने मध्येच कॉफीचा घोट घेतला. एवढा लांब घोट मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. पण विचारलं.

मला ते काम मनापासून हवं होतं. शाळेत मी मुलांना मोटार चालवायला शिकवायचो. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलेलं आहे. अजूनही मी समोरून येताना दिसलो की भलेभले लोक दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवतात. पण निवृत्त झाल्यावर कोणाला आपल्याला काही विचारायचं नसतं. आर्डिसने मला एकदा फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावताना पकडलं, आणि ती काही बोलली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. कबरस्तान मिळालं आणि मी पुन्हा गावातला माणूस झालो. त्याच आनंदात जाऊन हा मोवर घेतला. आर्डिसने तो सगळ्या बाजूंनी पाहिला आणि म्हणाली, "वेगळंच आहे काहीतरी." आमच्या भागात यापेक्षा कडक शब्द सभ्य माणसं वापरत नाहीत.

आता मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे आमच्याकडे मेलेल्यांचा दिवस. बाहेरगावी गेलेली मुलं, नातवंडं, सुना, सगळी येतात. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत लायलॅकची फुलं ठेवतात, सैन्यातल्यांच्या डोक्याशी झेंडे लावतात आणि मग मान खाली घालून उभी राहतात. मान खाली घातली की दिसतं काय? गवत. म्हणून बोरगिल्डने मला बजावून ठेवलं होतं.

"आधीच्या शनिवारी, अंधार पडायच्या आत, सगळं झालं पाहिजे. नाही झालं तर काही हरकत नाही, शहरातली गवत कापायची कंपनी आहेच."

"काही हरकत नाही" म्हणजे आमच्याकडे धमकीच. त्या कंपनीची माणसं कानांवर झाकणं लावून येतात, मेलेल्यांकडे बघत नाहीत की जिवंतांकडे, आणि एकदा कंपनी शिरली की दुसऱ्या कोणाला कबरस्तान परत मिळत नाही. शेजारच्या गावात असंच झालं. तिथला गवत कापणारा माणूस आता कोडी सोडवत बसतो.

तर पहिला पट्टा तुटला, मी दुसरा आणून घातला. थोड्याच दिवसांत त्यालाही जळक्या रबराचा वास यायला लागला. काढून पाहिला तर दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत, आणि एके ठिकाणी कोणी चावा घेतल्यासारखा खड्डा. नवा पट्टा असा झिजतो कशाने? हा प्रश्न मी चुकून चर्चच्या पायरीवर मोठ्याने विचारला आणि नसतं बालंट ओढवून घेतलं.

पहिला आला डेल्मर, आर्डिसचा भाऊ. देवाने डेल्मरला मतं आधी दिली आणि डोकं मागाहून पाठवतो म्हणाला, ते टपालात कुठेतरी राहिलं. त्याने मोवरच्या पोटाखाली डोकं घातलं आणि विजयी मुद्रेने वाळक्या गवताचा एक बोळा बाहेर काढला.

"उंदीर!"

"डेल्मर, हा गवत कापायचा मोवर आहे. गवत असणारच."

"हेच ते. उंदरांना वाटतं, तुला असं वाटावं."

त्याचा उपाय म्हणजे पेपरमिंटचं तेल. उंदरांना म्हणे तो वास सोसवत नाही. सांगितलं होतं चार थेंब, पण डेल्मरच्या हातून बाटलीच उपडी झाली. दुसऱ्या दिवशी मी कबरस्तानात शिरलो तेव्हा वाऱ्याबरोबर माझ्याआधी माझा वास पोचला. सोल्वेग ब्रांडवोल्ड तिथे नवऱ्याच्या थडग्याशी उभी होती. एइनार गेल्यापासून ती रोज येते. तिने हात केला, मी थांबलो.

"नॉरिस, छातीत कफ झालाय का रे?"

मग तिला उंदरांची हकीकत सांगावी लागली. मग तिने एइनारच्या कोठारातल्या उंदरांची सांगितली. मी आपला मोवरवरच बसलेलो, इंजिन चालू, "बरं, निघतोच आता" म्हणतोय, तेवढ्यात तिला तिच्या बहिणीच्या घरातली घूस आठवली. असं थोडा वेळ चाललं. उंदीर मला शेवटपर्यंत एकही दिसला नाही, पण पट्ट्याला आता जळक्या रबराबरोबर पेपरमिंटचाही वास यायला लागला.

मग मी मोवर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. यंत्र नवं आहे, हमी आहे, घाबरायचं कशाला? बरीच बटणं दाबून आणि बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक गोड आवाजाची बाई फोनवर आली.

"मोवर घरगुती वापरासाठीच आहे ना, सर?"

चर्चला जाणाऱ्या माणसाने खोटं बोलू नये, पण खरं बोलताना जरा रेंगाळायला हरकत नसते. "घरचीच मंडळी आहेत बरीचशी," मी म्हणालो.

"किती जण राहतात तिथे?"

"राहतात असं म्हणता येणार नाही."

"सर, तुमच्या लॉनवर थडगी आहेत का?"

"नाही हो. थडग्यांच्या मधून लॉन आहे."

पलीकडे बोटं खडखडली. कबरस्तान हा व्यावसायिक वापर ठरतो, असं ती आणखी गोड आवाजात म्हणाली.

"अहो, मी कोणाकडून एक सेंट घेत नाही! आणि ते लोकही काही देऊ करत नाहीत!"

"शिवाय पट्टा हा झिजणारा भाग आहे, सर."

"झिजतो म्हणूनच फोन केला ना! न झिजणाऱ्या भागासाठी कशाला केला असता?"

यावर तिने मला शुभ दिवस चिंतला. आमच्यात फोनही असा एकदम ठेवत नाहीत. मी तीनदा "बरं तर मग" म्हणालो, तेव्हा कुठे लक्षात आलं की पलीकडे कोणी नाही.

हे सगळं शेजारचा व्हर्लिन बक्के कुंपणापलीकडून ऐकत होता. व्हर्लिनबद्दल काय सांगू? लग्न केलं नाही, आईबरोबर राहिला, आई गेल्यावर एकटा राहिला. आम्ही इतकी वर्षं शेजारी आहोत, मी त्याच्याशी रोज बोलतो, आणि तो माझ्याशी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी बोलतो. गारांच्या वादळात त्याच्या कोठाराचं छप्पर उडालं तेव्हा तो म्हणाला होता, "याहून वाईट झालं असतं." आणि आर्डिसच्या नाताळच्या जेवणाचं त्याने एकदा तोंड भरून कौतुक केलं होतं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

तो कुंपण ओलांडून आला. पट्टा ज्यांवरून फिरतो त्या सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का, ते त्याने सरळ पट्टी लावून पाहिलं. त्या होत्या. प्रत्येक पुली बोटाने फिरवली. सगळ्या लोण्यासारख्या फिरल्या. मग मी घातलेल्या नव्या, तिसऱ्या पट्ट्यासकट तो मोवरवर बसला आणि माझं अंगण, मग त्याचं अंगण, मग मधल्या रस्त्याची कड, असं दुपारभर गवत कापत राहिला. खाली उतरला, पट्ट्याला हात लावला, माझाही हात धरून लावला. पट्टा कोमट होता, कडा खरखरीत, चोख.

"मग दोष कशात आहे रे?" मी विचारलं.

व्हर्लिनने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"हं," तो म्हणाला, आणि घरी गेला.

त्या "हं"चा अर्थ काय, यावर मी रात्रीच्या जेवणात आर्डिसचं डोकं खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तेव्हा तो अर्थ तिथल्या कर्टने आणखी स्पष्ट केला. कर्ट माझा जुना विद्यार्थी. गाडी मागे घेताना त्याने शाळेचा झेंड्याचा खांब पाडला होता, आणि अजून माझ्यासमोर नजर वर करत नाही.

"सर, मी तुमच्याबद्दल म्हणत नाहीये. पण कधी कधी यंत्रात काही नसतं. बसणाऱ्यावरही असतं."

"बसणाऱ्यावर म्हणजे?"

कर्ट पान्या-हातोड्यांकडे बघत राहिला. "म्हणजे कसं, या वर्षी हिवाळा जरा मोठाच झाला. सगळेच घरात बसून होते. आणि मॅडमच्या हातच्या त्या रुबार्बच्या गोड वड्या तर प्रसिद्धच आहेत."

मी ताठ मानेने बाहेर पडलो, पोट शक्य तेवढं आत घेऊन. ज्याला मी समांतर पार्किंग शिकवलं त्याने माझं वजन काढावं! पण मनात चरचरलंच. व्हर्लिन काटकुळा. तो बसला तर पट्टा थंड, मी बसलो तर जळतो. यात आणखी कोणता हिशोब मांडायचा? त्या रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी सोल्वेगने वड्यांचं ताट पुढे केलं. मी नको म्हणालो. तिने पुन्हा केलं, मी पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा ती हसून, वडी माझ्या बशीत ठेवायच्या बेतानेच पुढे झाली, आणि मी तिसऱ्यांदाही नको म्हणालो. तिसऱ्यांदा नको म्हणणारा माणूस एल्सबर्गमध्ये आजवर झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघीजणी गरम जेवणाची झाकलेली भांडी घेऊन आर्डिसकडे आल्या आणि हलक्या आवाजात विचारू लागल्या, "डॉक्टर काय म्हणाले?"

आर्डिसने भांडी ठेवून घेतली. ती मीच खाल्ली, त्यामुळे वजनाचा तो प्रयोगही तडीस गेला नाही.

असा तो शनिवार उजाडला. अर्ध्याहून जास्त कबरस्तान बाकी होतं, आणि जवळ होता तो एकच तिसरा पट्टा. दुकानातले संपले होते, आणि नवे यायचे ते सोमवार उलटल्यावर. मी सकाळी लवकर सुरुवात केली. पण फुलं घेऊन लोकही लवकर यायला लागले. प्रत्येकजण हात करी, मी थांबे. न थांबून कसं चालेल? मी काय शहरातल्या कंपनीचा माणूस आहे? दुपारी आर्डिस थर्मासमध्ये कॉफी घेऊन आली तेव्हा मी सोल्वेगचा निरोप घेत होतो, आणि मोवरखालून निळसर धूर निघत होता.

"झालं! हाही गेला!" मी ओरडलो. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मला फाटकाशी कानांवर झाकणं लावलेली माणसं दिसायला लागली.

आर्डिस जागची हलली नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली बघत होती.

"नॉरिस, तुझा पाय कुठे आहे?"

"पाय? पेडलवर. क्लचच्या."

"किती दाबलाय?"

"अर्धा. पूर्ण कशाला दाबू? मी निघतोच आहे."

"कधीपासून निघतोयस?"

मी काही बोलायच्या आत सोल्वेगने प्रामाणिकपणे सांगितलं, "मी माझ्या भाचीच्या साखरपुड्याचं सुरू केलं तेव्हापासून. आता तिला दुसरं मूल व्हायचंय."

आर्डिसने थर्मास एइनारच्या थडग्यावर ठेवला. "वर्गात काय सांगायचास रे मुलांना? सगळ्या गावाला पाठ आहे. 'क्लच अर्धा दाबून गप्पा मारू नका. पट्टा, प्लेट, जे काही असेल ते जळेल. गप्पा मारायच्या असतील तर गाडी बंद करा.' आपल्या पहिल्या गाडीचा क्लच माझ्या आईच्या दारात जळाला होता, 'निघतो, निघतो' म्हणता म्हणता. तेव्हाही तू कारखान्याला दोष दिला होतास."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तशी सोय तिथे चांगली होती. अर्ध्या दाबलेल्या पेडलमुळे पट्टा धड सुटत नाही, धड धरत नाही, आणि इंजिनाची पुली त्याच्या पोटात गरगर फिरून त्याला भाजून काढते. हे चित्र मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढायचो! व्हर्लिनच्या हातात पट्टा थंड राहिला, कारण व्हर्लिन कोणाशी बोलत नाही. उंदीर, पुल्या, माझं पोट, सगळे निर्दोष सुटले.

"मग इंजिन बंद का नाही करत?" आर्डिसने विचारलं.

"बंद कसं करू? बंद केलं की समोरच्याला वाटतं, हा आता तासभर हलत नाही. त्याला अवघडल्यासारखं होतं."

"तू तासभर हलत नाहीसच!"

"पण इंजिन चालू असलं की तसं वाटत नाही," मी म्हणालो. सोल्वेगने मान डोलावली. हे आमच्याकडे कोणालाही पटेल. कोणाच्या दारातून निघताना इंजिन चालू ठेवायचं, खिडकीची काच खाली करायची आणि मग खरं बोलणं सुरू करायचं, ही आमची रीत आहे.

पट्टा अजून तुटला नव्हता. तो थंड झाल्यावर आर्डिसने अट घातली की हात कोणीही करो, पेडल पूर्ण दाबायचं, ब्रेक लावायचा, किल्ली फिरवायची. मग ती थर्मास तिथेच ठेवून, रागाने घरी गेली. म्हणजे कॉफी ठेवून गेली, तेव्हा राग फारसा नसावा.

पुढचा माणूस आला, मी किल्ली फिरवली. एकदम शांतता झाली. पाखरं ऐकू यायला लागली. तो माणूस इतका दचकला की "नाही नाही, तुझं चालू दे" म्हणत फुलं ठेवून चालता झाला. पुढचीही तशीच. कोणालाच माझा वेळ घेतल्याचा ठपका नको होता. खुद्द बोरगिल्ड फाटकापाशी गाडी लावून आली.

"तू बंद केलंस?" तिने विचारलं.

"हो."

"काही वाईट बातमी आहे का?"

"नाही."

तिने उरलेल्या गवताकडे पाहिलं, मग सूर्याकडे. "अंधाराच्या आत?"

"अंधाराच्या आत."

ती गाडीत जाऊन बसली. तिच्या हातात फोन होता, तो मला लांबूनही स्पष्ट दिसत होता. पण माझं गवत आता सपासप कापलं जात होतं. ऊन कलायला आलं तेव्हा ओकच्या झाडाखालची शेवटची रांग तेवढी राहिली. आणि तिथे व्हर्लिन उभा होता, आईच्या थडग्यापाशी, हातात लायलॅकचा डबा घेऊन.

त्याने हात केला नाही. तो कधीच करत नाही. पण आता हाताला सवय लागली होती. मी थांबलो आणि किल्ली फिरवली. म्हटलं, हा दुसऱ्यांपेक्षाही लवकर पळेल.

व्हर्लिन पळाला नाही. तो मोवरकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग डबा खाली ठेवून गवतात बसला.

"आईने ही जागा मुद्दाम घेतली," तो म्हणाला. "इथून आमचं कोठार दिसतं."

मग तो बोलायला लागला. आईबद्दल बोलला, ती शेवटच्या वर्षी त्याला वडिलांच्या नावाने हाक मारायची त्याबद्दल बोलला, संध्याकाळी दोन बटाटे उकडायची सवय अजून जात नाही म्हणाला. इतकी वर्षं मी याच्याशी कुंपणावरून बोलत होतो, आणि इतकी वर्षं माझं कोणतं ना कोणतं इंजिन चालूच होतं. मी एक शब्द बोललो नाही, हे आर्डिसला कधी खरं वाटलेलं नाही.

"गवताचं बोरगिल्डने आधी मला विचारलं होतं," तो मध्येच म्हणाला.

"तुला? मग?"

"मी नको म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणालो."

"आणि मग?"

"मग तू सँडविच घेऊन मध्ये आलास. आणि बोलायला लागलास."

"काय बोललो मी?"

"बर्फातल्या टायरांबद्दल." त्याने गवताची काडी तोडली. "बराच वेळ. ती तुझं ऐकता ऐकता विसरली."

मला कुठे बघावं कळेना. फाटकापाशी बोरगिल्डने गाडीचे दिवे लावले होते. मी घाईने किल्ली फिरवली, म्हटलं निदान रांग तरी संपवू. टक्. पुन्हा फिरवली. टक्. दुपारभर बंद-चालू, बंद-चालू करून बॅटरी पार उतरली होती. पट्टा मात्र ठणठणीत होता.

व्हर्लिनची पिकअप झाडामागे उभी होती. मागे ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं, आणि ताडपत्रीतून त्याच्या जुन्या मोवरचं स्टिअरिंग वर आलेलं दिसत होतं.

"हा कशाला आणलास?"

"सहज," व्हर्लिन म्हणाला. "महिनाभर ठेवलाय. सहज."

मी मोवरवरून खाली उतरलो. "व्हर्लिन, ही रांग तू करशील का?"

"नको."

"आणि नुसती हीच नाही. ओकपासून रस्त्यापर्यंतची सगळी बाजू. या वर्षी, पुढच्या वर्षी, कायमची."

"छे छे. नको."

आम्ही दोघंही थांबलो. फाटकापाशी बोरगिल्ड फोन कानाला लावत होती. घोट घ्यायला माझ्याकडे कॉफी नव्हती.

"व्हर्लिन," मी म्हणालो, "करशील का?"

"बरं," तो उठत म्हणाला, "तू म्हणतोच आहेस तर."

फळ्या लावून आम्ही त्याचा मोवर खाली घेतला. फाटकापाशी बोरगिल्डने फोन कानावरून काढला आणि गाडीचे दिवे मालवले. व्हर्लिनने रांग कापली ती दोरी लावल्यासारखी सरळ, आईच्या दगडाभोवती सावकाश वळून, एकदाही न थांबता. शेवटच्या वळणावर मी त्याच्याकडे चालत गेलो, तेव्हा तो थांबला. त्याने पेडल पूर्ण दाबलं, ब्रेक ओढला आणि किल्ली फिरवली.

"बोल," तो म्हणाला.

आणि मला काही सुचेना. मी गवताकडे पाहिलं, तोही पाहू लागला. कबरस्तान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं हिरवंगार झालं होतं.

"छान झालंय रे," मी म्हणालो.

व्हर्लिनने बराच विचार केला.

"याहून वाईट झालं असतं," तो म्हणाला.